प्राण्यांच्या अंगावर केस का असतात? मुलांना सांगायचं तर चुलीपासून सुरुवात करा

माळरान

"प्राण्यांना केस का असतात?" याला घरोघरी ठरलेलं उत्तर आहे: थंडी वाजू नये म्हणून. उत्तर चुकीचं नाही, पण ते ऐकून मुलाच्या डोक्यात नेमकं काय बसलं हे तपासायचं असेल तर एक उलटा प्रश्न विचारून बघा. "पालीला लोकरीचा स्वेटर घातला तर ती गरम होईल का?" बहुतेक मुलं बिनदिक्कत "हो" म्हणतात. गडबड तिथेच आहे. लोकर ही आपणहूनच गरम वस्तू आहे, स्वेटर म्हणजे अंगात घालायची शेगडी, असा समज पक्का असतो. मोठ्यांचाही असतो.

म्हणून फर, लोकर, लव हे शब्द यायच्या आधी गोधडी येऊ द्या. डिसेंबरात रात्री गोधडीत पाय घातल्या घातल्या ती कशी लागते? गारढोण. पाचेक मिनिटांनी ऊब येते. ही ऊब गोधडीने आणली कुठून? कुठूनच नाही, ती आपल्याच अंगातली. चूल आपण आहोत, गोधडी नुसती दार लावून घेते. हे एकदा मुलाला पटलं की पालीचा प्रश्न ते स्वतःच सोडवतं. पालीच्या पोटात चूल नाही, मग दार लावून आत राखायचं काय? उलट सकाळी कुंपणावर ऊन खात बसलेल्या सरड्याच्या अंगावर केस असते, तर बाहेरचं ऊनच आत पोचलं नसतं.

चूल सस्तन प्राण्यांकडे आणि पक्ष्यांकडे. म्हणून दार लावायची सोयही प्रामुख्याने त्यांच्याचकडे: एकाकडे केस, दुसऱ्याकडे पिसं.

आता दार कशाचं? केसांचं नाही, हवेचं. थांबलेल्या हवेतून उष्णता फार हळू जाते. पाण्यातून ती साधारण पंचवीस पट सहज जाते. केसांचं काम एवढंच की हवेला हलू द्यायचं नाही. मांजराच्या पाठीवर हलकेच फुंकर मारा, केस दुभंगतील आणि दोन मजले दिसतील. वर लांब, राठ, चकचकीत केस. खाली कापसासारखी दाट, बारीक लव. हवा धरते ती लव. वरचे केस लवेचं पाऊस, धूळ, काटेकुटे यांपासून रक्षण करतात.

बोलून झालं की हे करून दाखवा. सारख्या मापाचे स्टीलचे तीन पेले घ्या. प्रत्येकात २०० मिली पाणी, साधारण ६० अंश सेल्सिअसचं. उकळतं आणि नळाचं पाणी निम्मं-निम्मं मिसळलं की जवळपास तिथे पोचतं. तेही भाजतं, त्यामुळे ओतायचं काम मोठ्यांचं. पहिला पेला उघडा. दुसऱ्याभोवती लोकर किंवा जुना स्वेटर, दोन सेंटीमीटर जाडीचा, सैलसर. तिसऱ्याभोवती तेवढीच लोकर, पण कोमट पाण्यात भिजवून हलकी पिळलेली. तिन्हींवर पुठ्ठ्याची चकती, थर्मामीटरपुरतं भोक पाडून. दर पाच मिनिटांनी आकडा लिहायचा, अर्धा तास. आलेखाच्या कागदावर तीन रंगांत तीन रेघा काढल्या की चौथीतलं मूलही निष्कर्ष सांगतं.

फसतं कुठे ते आधीच सांगते. झाकण नसेल तर बरीचशी उष्णता वाफेबरोबर वरूनच जाते आणि तिन्ही पेले मागेपुढे सारखेच निवतात. पेले थेट कडप्प्याच्या ओट्यावर ठेवले तर ओटा खालून उष्णता ओढतो. खाली थर्मोकोल किंवा वर्तमानपत्राची जाड घडी हवी. स्वेटर रबरबँडने आवळला तर हवाच निघून जाते. ताप मोजायचा थर्मामीटर इथे निरुपयोगी, तो ४२-४३ अंशांच्या पुढे जातच नाही. प्रयोगशाळेतला लाल द्रवाचा घ्या. पाऱ्याचा मुलांच्या हातात नको.

उंबरठा

छान धागा. एक शंका: हल्लीचे बहुतेक स्वेटर ॲक्रिलिकचे असतात. तो गुंडाळला तर प्रयोग खोटा ठरेल का?

माळरान

उलट दोन्ही करून बघा. कोरडा ॲक्रिलिकचा स्वेटरही दुसऱ्या पेल्याचं काम बऱ्यापैकी करतो, आणि मुद्दा तोच आहे. धागा मेंढीचा की कारखान्यातला हे दुय्यम, त्यात हवा किती अडकली ते महत्त्वाचं. चुरगाळलेल्या वर्तमानपत्रानेही जमतं. बोहारणीला द्यायचे कपडे या कामी येतात.

टिपकागद

तिसरा पेला या धाग्यातला खरा हिरो आहे, त्याला दोन ओळींत संपवू नका. तो बहुतेक वेळा उघड्या पेल्यापेक्षाही लवकर निवतो, आणि मुलं चक्रावतात. "लोकर गुंडाळली तरी?" हवेची जागा पाण्याने घेतली, शिवाय बाहेरून ते पाणी सुकताना आणखी उष्णता घेऊन गेलं. उन्हाळ्यात बाटलीला ओलं फडकं गुंडाळतो तीच युक्ती, फक्त इथे नको असताना झालेली.

इथून कुत्र्यावर या. भिजलेला कुत्रा घरात येऊन भिंतीवर शिंतोडे उडवतो तो खोडसाळपणा नाही, तो तिसऱ्या पेल्यातून दुसऱ्या पेल्यात यायची धडपड करत असतो. लॅब्रॅडॉर सेकंदाला साधारण साडेचार वेळा अंग गदागदा हलवतो. चिमुकल्या उंदराला सेकंदाला तिसाच्या आसपास हेलकावे द्यावे लागतात, कारण अंगाचा घेर लहान असला की पाणी फेकायला वेग जास्त लागतो. मोबाइलवर स्लो मोशनमध्ये कुत्र्याचं हे झटकणं टिपलं तर दिसतं की डोकं आधी फिरतं, मग लाट शेपटीपर्यंत जाते, आणि सैल कातडी हाडांपेक्षा कितीतरी जास्त फिरते.

भिजूनही न भिजणारा प्राणी म्हणजे समुद्री पाणमांजर. उत्तर प्रशांत महासागराच्या गार पाण्यात राहतं, आणि देवमाशासारखा चरबीचा जाड थर त्याच्याकडे नाही. सगळी भिस्त केसांवर. आपल्या अख्ख्या डोक्यावर मिळून लाखभर केस असतात. याच्या अंगावर अंगठ्याच्या नखाएवढ्या जागेत तेवढे किंवा त्याहून जास्त. लव इतकी दाट की पाणी कातडीपर्यंत पोचतच नाही. दिवसाचे कित्येक तास ते केस विंचरण्यात आणि त्यात हवा फुंकण्यात घालवतं. मार्च १९८९ मध्ये अलास्कात एक्झॉन व्हाल्डीझ जहाजातून तेल सांडलं तेव्हा ही पाणमांजरं हजारोंनी मेली, त्याचं एक मोठं कारण हेच. तेलाने लव चिकटली, हवा गेली, आणि जनावर गारठलं.

उंबरठा

चार वर्षांच्या मुलाला यातलं किती सांगायचं? वाफ, आलेख वगैरे त्याच्या डोक्यावरून जाणार.

माळरान

गोधडी आणि मांजराला फुंकर, बस. "मनीने हवेची गोधडी पांघरली आहे" एवढं वाक्य चार वर्षांना पुरतं आणि ते खोटंही नाही. सहा-सात वर्षांपासून पेले. आलेख नऊच्या पुढे.

पारवा

माळरान, एक दुरुस्ती. मुलं हमखास विचारणार: सुरवंटाला केस असतात, मधमाशीला असतात, त्यांच्याकडे कुठे चूल आहे? तेव्हा अडकायला नको.

पहिली गोष्ट, ते केस निराळ्या मालाचे. आपले केस, मांजराची नखं, गाईची खुरं, शिंगांवरचं आवरण, साळिंदराचे काटे, खवले मांजराचे खवले हे सगळं केराटिन नावाच्या प्रथिनाचं. कीटकांचे केस कायटिनचे, म्हणजे त्यांच्या कवचाचाच भाग. आपला केस कातडीत रुतलेल्या मुळातून वाढतो, तसं त्यांचं नाही. सुरवंटाचे केस बहुतेक राखणीसाठी. काहींचे खाजरे असतात, म्हणून हात लावू नये.

दुसरी गोष्ट जास्त गमतीची. मधमाशीकडे आणि अंगावर दाट लव असलेल्या बंबलबीकडे चूल असते, पण ती हवी तेव्हा पेटवतात! उडण्याचे स्नायू पंख न हलवता थरथरवून अंग ३० अंशांच्या वर तापवतात, मग उडतात. तेव्हा लव ऊब राखायच्याही कामी येते. म्हणजे तुमचा चुलीचा नियम मोडत नाही, उलट पक्का होतो. फक्त "चूल सस्तनांकडे आणि पक्ष्यांकडेच" असं ठाम सांगू नका.

माळरान

मान्य. "प्रामुख्याने" लिहिलं होतं म्हणून वाचले.

घाटमाथा

थंडीवरच थांबलात तर आपल्याकडच्या मुलांचा पुढचा प्रश्न ठरलेला: मग वाळवंटातल्या उंटाला केस कशाला?

दार आतली ऊब बाहेर जाऊ देत नाही, तसं बाहेरची धग आतही येऊ देत नाही. कनुट श्मिट-नील्सन या शरीरशास्त्रज्ञाने १९५० च्या दशकात सहारात उंटांवर काम केलं. केस कातरलेल्या उंटाचं घामावाटे जाणारं पाणी केसाळ उंटापेक्षा साधारण निम्म्याने जास्त निघालं. वाळवंटात पाणी म्हणजेच जीव, तेव्हा तो पाठीवरचा दाट थर उंटाची छत्री आहे. पोटाखाली आणि मांड्यांच्या आत केस विरळ. तिथे ऊन लागत नाही, तिथून उष्णता बाहेर सोडता येते. कुठे दार, कुठे खिडकी.

मग हत्ती, म्हैस? इथे चहा कामाला येतो. कपातला चहा चटकन निवतो, पातेल्यातला उशिरा. आकार वाढतो तशी आतली उष्णता भराभर वाढते, पण ती बाहेर सोडायला कातडी त्या मानाने कमी पडते. हत्ती म्हणजे भलंमोठं पातेलं. त्याची अडचण ऊब टिकवायची नाही, घालवायची आहे. त्याच्या अंगावरचे तुरळक, ताठ केस उलटं काम करतात असं २०१२ च्या एका अभ्यासात दिसलं: केस इतके विरळ असले की त्यांच्यात हवा अडकत नाही, उलट प्रत्येक केस उष्णता बाहेर नेणारी काडी होतो. दाट असले तर गोधडी, अगदी विरळ असले तर रेडिएटरच्या पात्या.

म्हैस मुलांना गोठ्यात दाखवता येते. पारडू बघा, अंगावर चांगले दाट केस. तीच मोठी झाली की कातडी जवळजवळ उघडी. काळा रंग ऊन शोषतो, घामाच्या ग्रंथी गाईपेक्षा कमी, म्हणून तिला डबकं लागतं. चिखलाचा थर सुकेपर्यंत अंग गार ठेवतो आणि माश्यांपासूनही वाचवतो. शेजारी खिलार गाय उभी असेल तर तिचे केस आखूड, चपटे, पांढरट, चमकदार. ऊन परतवतात, हवा साठवत नाहीत. त्यामानाने होल्स्टिनच्या संकरित गाई वैशाखात धापा टाकतात. गार मुलखाचं जनावर आहे ते.

काडेपेटी

ध्रुवीय अस्वलाचं राहिलं. त्याचे केस पोकळ असतात आणि ऑप्टिकल फायबरसारखे सूर्याची किरणं आत काळ्या कातडीपर्यंत नेतात, म्हणून ते गरम राहतं. मुलांना हे फार आवडतं.

रेघोट्या

आवडतं खरं, पण ते सांगू नका. केस पोकळ आहेत, कातडी काळी आहे, दोन्ही बरोबर. किरणं वाहून नेण्याचं मात्र तपासून झालंय. एका केसातून प्रकाश काही मिलिमीटरही नीट जात नाही, केराटिनच तो शोषून टाकतं. अस्वलाला ऊब मिळते ती दाट लव आणि कातडीखालचा चरबीचा जाड थर यांतून. चरबी लागतेच, कारण ते पोहतं, आणि भिजलेल्या केसांचं काय होतं ते वर तिसऱ्या पेल्यात आलंच आहे.

त्यापेक्षा हे सांगा: ते केस पांढरे नसतातच, पारदर्शक असतात. मग अस्वल पांढरं का? गोळेवाल्याकडे बघा. लादीचा बर्फ काचेसारखा आरपार, तोच किसला की पांढराशुभ्र. असंख्य कडांवर प्रकाश विखुरतो म्हणून. उष्ण हवेतल्या प्राणिसंग्रहालयांत अस्वलाच्या पोकळ केसांत शेवाळ वाढून ती चक्क हिरवी झाल्याची उदाहरणं आहेत. मुलांना हे फायबरपेक्षा जास्त आवडेल.

सोनकी

सगळा धागा तापमानावरच चाललाय. केसांना आणखी कितीतरी कामं आहेत, आणि ती बाल्कनीतून दिसतात.

मांजराच्या मिश्या. ओठाच्या प्रत्येक बाजूला साधारण बारा. साध्या केसापेक्षा दुपटीहून जाड, मुळं खोल, मुळाभोवती रक्ताची बारीक पिशवी आणि मज्जातंतूंचं जाळं. केस स्वतः निर्जीव. टोकाला धक्का लागला की मूळ हलतं, आणि ते हलणं कळतं. लांब काडी धरून डोळे मिटून भिंत चाचपून बघायला सांगा, मिशी कशी काम करते ते लगेच उमगेल. मिश्या कापल्या तर दुखत नाही, पण मांजर अंधारात चाचपडतं; कापू नयेत हे मुलांना स्पष्ट सांगा.

गाईच्या शेपटीचा गोंडा ही तिची माशी मारायची पट्टी. अस्वलाची पिल्लं आईच्या पाठीवर लांब केसांना धरून बसतात. आपल्याकडच्या अस्वलाच्या अंगावर ते केस राठ आणि लांब असतात, खालची लव जवळजवळ नसते, कारण मुलूख उष्ण. वानराचं तान्हं पिल्लू काळपट असतं, आई-मावश्या राखाडी. कळपात हे तान्हं आहे हे लांबून कळतं. वाघाचा नारिंगी रंग आपल्या डोळ्यांत भरतो, पण हरणाच्या डोळ्यांना तांबडा-हिरवा भेद नीट दिसत नाही; त्याच्या लेखी वाघ गवताच्याच रंगाचा.

साळिंदराचे काटेही केसच आहेत, जाड आणि कडक झालेले. ते काटे बाणासारखे फेकतं ही समजूत घरात ऐकू येते, फेकत नाही. काटे फुलवून, शेपटीचे पोकळ काटे खुळखुळवून आधी इशारा देतं आणि मग उलट्या पावली मागे धावून येतं. काटे सहज सुटतात, म्हणून घुसून राहतात.

उंबरठा

काटे फुलवणं आणि आपल्या अंगावर काटा येणं एकच का?

माळरान

एकच यंत्रणा. प्रत्येक केस कातडीत तिरका रोवलेला असतो आणि त्याच्या मुळाला एक इवलासा स्नायू असतो. स्नायू आवळला की मूळ ओढलं जातं आणि केस उभा राहतो. थंडीत केस उभे राहिले की हवेचा थर जाड होतो. मांजर घाबरलं की त्याच स्नायूंनी शेपूट फुलवून दुप्पट मोठं दिसतं. आपल्याकडे स्नायू शाबूत, पण केस एवढे बारीक की नुसत्या पुळ्या दिसतात. माणूस "बिनकेसांचा" नाही हेही इथेच सांगून टाका. केसांची मुळं चिंपांझीइतकीच असतात, केस मात्र लवेएवढे उरलेत.

याचं मॉडेल सोपं आहे. जाड पुठ्ठ्याचे १० बाय १० सेंटीमीटरचे दोन तुकडे एकमेकांवर ठेवून दाभणाने एकदमच पंचवीस भोकं पाडा, म्हणजे ती समोरासमोर येतात. मग पुठ्ठ्यांत तीन सेंटीमीटर अंतर ठेवून दोन्ही भोकांतून अगरबत्तीच्या उरलेल्या काड्या आरपार घाला. वरचा पुठ्ठा म्हणजे कातडी, एकाने तो स्थिर धरायचा. दुसऱ्याने खालचा सरकवायचा. सगळ्या काड्या एका दमात आडव्या होतात, एका दमात उभ्या. भोकं काडीपेक्षा थोडी मोठी हवीत, नाहीतर काड्या अडकतात. काड्या खाली घसरू नयेत म्हणून वरच्या पुठ्ठ्याच्या लगेच वर प्रत्येक काडीला बारीक रबरबँडचे दोन वेढे द्या. सरकवताना खालचा पुठ्ठा वर-खाली झाला की काड्या वेड्यावाकड्या होतात, म्हणून हातांची दोन्ही कोपरं टेबलावर टेकवून धरायचा.

पारवा

वर बऱ्याच जणांनी "म्हणून" वापरलंय: थंडी वाजू नये म्हणून केस आले, हरणाला दिसू नये म्हणून वाघ नारिंगी. मुलं याचा अर्थ शब्दशः घेतात, की अस्वलाने ठरवलं आणि केस उगवले. "म्हणून"च्या जागी "मुळे" बसवा. दाट केसांमुळे ज्यांची ऊब टिकली ती जास्त जगली, त्यांना पिल्लं जास्त झाली, पिल्लांना आईबापांसारखेच केस.

शब्दांनी पटत नसेल तर चवळीचा खेळ. तपकिरी गोणपाटावर तांबडी चवळी ३० आणि पांढरी ३० पसरा. मूल घार. दहा सेकंदांत एकेक करून जमेल तेवढी टिपायची, मूठ भरायची नाही. मग उरलेल्या प्रत्येक दाण्याला त्याच रंगाचं एक पिल्लू द्यायचं, म्हणजे संख्या दुप्पट. असे चार-पाच फेरे. गोणपाट तांबड्या चवळीने भरून जातं आणि कोणीही काही ठरवलेलं नसतं. मग गोणपाट काढून पांढरी चादर घाला आणि पुन्हा खेळा. दोन्ही दाणे एकाच आकाराचे हवेत. हरभरे आणि काबुली चणे घेतले तर मूल मोठा दाणा आधी उचलतं आणि रंगाचा संबंध राहत नाही.

मीठभाकर

थोडं अवांतर, पण केसांवर चर्चा चाललीच आहे म्हणून. पुण्यात एप्रिलमध्ये गोल्डन रिट्रीव्हर भादरून आणणारे बरेच दिसतात. मुलंही म्हणतात, त्याला गरम होतंय, केस काढा. वरच्या उंटाच्या न्यायाने हे चूकच ना?

रेघोट्या

चूकच. रिट्रीव्हर, लॅब्रॅडॉर, जर्मन शेफर्ड, हस्की यांना दोन थर असतात. मुळापासून भादरलं की छत्री जाते, कातडी उन्हात भाजू शकते, आणि लव आधी वाढून वरचे केस मागे राहिले तर पुढे अंग ठिगळं लावल्यासारखं दिसतं. कुत्र्याची उष्णता मुख्यतः धापेवाटे जाते, अंगावरच्या घामावाटे नाही. घाम येतो तो पंजांच्या तळव्यांना, तोही थोडा. पूडलसारख्या सतत वाढणाऱ्या केसांच्या जातींना कापणं लागतं, ती गोष्ट वेगळी.

करायचं ते विंचरणं. मोसम बदलताना सुटी झालेली लव आत अडकून राहते आणि तीच खरी गरम होते. केसांचा एक पट्टा हाताने वर धरायचा, खाली कातडी दिसली पाहिजे, तिथून टोकाकडे विंचरायचं, मग पुढचा पट्टा. नुसतं वरवर फणी फिरवून लव निघत नाही. अंघोळीच्या आधी विंचरा. गुंते भिजले की घट्ट बसतात. कानामागे, बगलेत, मांडीत गुंते जास्त होतात, तिथेच गोचीडही शोधा.

आणि ही झड थंडी-उन्हाने नाही, मुख्यतः दिवसाच्या लांबीने ठरते. बर्फाळ मुलखातला ससा याच घड्याळावर पांढरा होतो. बर्फ उशिरा पडला तर हा आपला तपकिरी जमिनीवर पांढराफेक बसलेला, कोल्ह्याला लांबून दिसणारा. दिवसभर दिव्यांच्या उजेडात घरात राहणारा कुत्रा वर्षभर थोडाथोडा झडतो तेही यामुळेच.

टिपकागद

विंचरलेले केस फेकू नका! फोल्डस्कोप नावाचा कागदी सूक्ष्मदर्शक बऱ्याच शाळांत आहे, तो १४० पट मोठं दाखवतो. कुत्रा, मांजर, शेळी, ससा आणि स्वतःचा एकेक केस. केस आधी साबणाच्या पाण्यात धुऊन वाळवायचा, नाहीतर तेल आणि धूळच दिसते. काचपट्टीवर पाण्याचा थेंब, त्यात केस, वर पातळ आच्छादन तिरकं टेकवत सोडायचं म्हणजे बुडबुडे राहत नाहीत. बुडबुडे राहिले तर मुलं त्यांनाच पेशी समजतात.

बघायचं काय, तर केसाच्या मधोमध जाणारी काळपट पट्टी, तिला मज्जा म्हणतात. माणसाच्या केसात ती बारीक, तुटक किंवा मुळीच नसते, रुंदीच्या तिसऱ्या भागाहून कमी. बहुतेक प्राण्यांत निम्म्याहून जास्त. मांजराची एका ओळीच्या शिडीसारखी, सशाची अनेक ओळींची. हरणाच्या केसात तर मधमाश्यांच्या पोळ्यासारखी घरं, सगळी हवेने भरलेली. केसांच्या मधे हवा, शिवाय केसाच्या आतही हवा! वन्यजीव गुन्ह्यांच्या तपासात केस कोणाचा हे याच खुणांवरून ओळखतात.

नमुने मात्र झडलेलेच घ्या. जंगली प्राण्याचं कातडं, केस विकत घेऊ नका. चित्रकलेचे मुंगसाच्या केसांचे ब्रश अजून कुठे कुठे मिळतात; वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार ते विकणं-घेणं गुन्हा आहे.

घाटमाथा

मग धनगराकडून मूठभर न धुतलेली लोकर आणा. दख्खनी मेंढी, बहुधा काळी. त्यातली निम्मी लोकर कपडे धुवायच्या पावडरीत कोमट पाण्याने धुऊन वाळवायची. दोन्हींवर ड्रॉपरने पाण्याचा एकेक थेंब टाका. न धुतलेल्या लोकरीवर थेंब मोत्यासारखा बसून राहतो, धुतलेल्यात हळूहळू जिरतो. मेंढीच्या अंगचं तेल साबणाने गेलं. तेलात माखलेल्या पाणमांजराला धुऊन लगेच पाण्यात का सोडत नाहीत, काही दिवस केस सावरायला का देतात, ते या थेंबात दिसतं.

दख्खनीची लोकर जाडीभरडी, लव आणि राठ केस एकत्र. तिची घोंगडी विणताना सुताला चिंचोक्याची खळ देतात. पावसात मेंढपाळ घोंगडीची खोळ करून डोक्यावरून घेतात. पाणी बरंचसं वरून ओघळतं, आणि लोकर आपल्या वजनाच्या जवळपास तीस टक्के ओलावा शोषूनही हाताला ओली लागत नाही. याउलट पश्मिना म्हणजे लडाखच्या चांगथांगी शेळीची फक्त आतली लव. ती कातरत नाहीत, वसंतात सुटू लागली की विंचरून काढतात. तंतू १२ ते १५ मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), आपला केस ५० ते १०० मायक्रॉन. मांजराला फुंकर मारल्यावर जे दोन मजले दिसले, त्यांतला खालचा मजला शालीत आणि दोन्ही मिळून घोंगडीत.

काडेपेटी

फायबरचं मागे घेतो :) त्या बदल्यात एक प्रयोग. बर्फाचे दोन सारखे तुकडे, एक उघडा, एक लोकरीत. "कुठला आधी वितळेल?" विचारलं की मुलं "लोकरीतला" म्हणतात, आणि निघतं उलटं. शेगडीचा समज मोडायला पेल्यांपेक्षा हे बरं नाही का?

उंबरठा

हे करून बघितलं. लोकरीतला जेमतेम थोडा उशिरा वितळला, मुलांना फरकच वाटला नाही. काय चुकलं?

काडेपेटी

बर्फ थेट लोकरीत ठेवला असणार. वितळलेलं पाणी लोकरीतच मुरलं आणि तिसरा पेला तयार झाला. दोन्ही तुकडे आधी प्लॅस्टिकच्या छोट्या पिशव्यांत घालून तोंड बांधा, मग एकीभोवती तीनेक सेंटीमीटर लोकर, खालूनसुद्धा. फ्रीजमधले चौकोनी खडे लहान पडतात. वाटीत गोठवलेला बर्फ घ्या, दोन्ही वाट्यांत मोजून १०० मिली पाणी. आणि दर दोन मिनिटांनी मुलांना उघडून बघू देऊ नका, दार उघडं राहतं.